कुठल्या चर्चची?

गाव विचारलं की मी ‘राहू’ सांगतो आणि समोरचा विचारतो, ‘मग केतू कुठंय?’ पुण्यात आल्यापासून हा विनोद इतक्यांदा ऐकलाय की आता मीच आधी करून टाकतो. दौंड तालुक्यात, एका बाजूला भीमा आणि दुसऱ्या बाजूला मुळा-मुठा, अशा बेचक्यात आमचा भाग आहे. वाळकीला दोन्ही नद्या एकमेकींना मिळतात. ऊस भरपूर, म्हणून गुऱ्हाळं भरपूर, आणि हंगामात सबंध शिवाराला उकळत्या रसाचा वास.

आमच्या घरचा मोठा देव म्हणजे थेऊरचा चिंतामणी. यवतला हायवेला लागायचं, उरुळी कांचन मागे टाकायचं, कुंजीरवाडीपाशी थेऊर फाटा. आजी संकष्टीला एसटीनं जायची आणि मला बरोबर घ्यायची. देवळातल्या मोठ्या घंटेपर्यंत माझा हात पोचायचा नाही. कुणीतरी ओळख ना पाळख अशा माणसानं उचलून धरलं की मी दोन्ही हातांनी लोलक धरून एक टोला द्यायचो, आणि तो आवाज छातीत बराच वेळ राहायचा.

ही घंटा चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आणली, असं सांगतात. गोष्ट एकट्या थेऊरची नाही. भीमाशंकरची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा, नाशिकची नारोशंकराची घंटा, सगळ्यांचं माहेर वसईच सांगतात. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. ‘स्वदेस’चं शूटिंग झालं तेच हे गाव. नकाशा बघताना एकदा माझ्या लक्षात आलं की भीमा निघते भीमाशंकरला आणि मुळा-मुठा येते थेऊरवरून. म्हणजे आमच्याजवळ भेटणाऱ्या दोन्ही नद्या वसईच्या घंटांना वळसा घालून आलेल्या. मला हे तेव्हा फार भारी वाटलं होतं. इन्स्टावर टाकलंही होतं, भगव्या झेंड्याच्या इमोजीसकट.

त्या पोस्टला माझ्या रूममेटनं लाइक केलं नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तो वसईचा. आम्ही एकमेकांना गावावरनंच हाक मारायचो; मी राहूकर, तो वसईकर. घरची केळीची आणि फुलांची वाडी, घरात सामवेदी बोली, बाहेर तुमच्याआमच्यासारखी मराठी, आणि रविवारी मिस्सा. एका सुट्टीत तो माझ्याबरोबर गावाकडे निघाला. वाटेत थेऊर लागतं म्हणून आम्ही थांबलो. घंटेखाली उभं राहून मी नेहमीचं वाक्य टाकलं, ‘ही आम्ही वसईहून जिंकून आणली.’

तो वर बघत राहिला. मग म्हणाला, ‘कुठल्या चर्चची?’

आवाजात टोमणा नव्हता. आपल्याकडे कुणी म्हणालं की अमुक मुलगी दौंडची आहे, की आपण लगेच विचारतो, ‘कुणाची?’ तितक्याच सहज त्यानं विचारलं होतं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी खिशातून मोबाइल काढला, शोधल्यासारखं केलं आणि परत ठेवला. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, आणि घंटा कुठून आणली याचं उत्तर माझ्याकडे फक्त एका लढाईचं नाव होतं.

नंतर माझं मलाच ‘आम्ही’ हेही खटकलं. १७३९ मध्ये माझे खापरपणजोबा बहुधा कुणाच्या तरी रानात ज्वारी काढत होते. पण जिंकलेल्या गोष्टीत ‘आम्ही’ आपोआप येतो. हरलेल्या गोष्टीत ‘ते पेशवे’ म्हणतो आपण.

दोन महिन्यांनी मी त्याच्याबरोबर वसईच्या किल्ल्यात गेलो. किल्ला म्हणजे आपल्याला डोंगर आठवतो. हा सपाट आहे, समुद्राच्या कडेला, आणि आत एक अख्खं मेलेलं शहर आहे. रस्ते आहेत, चौक आहेत, आणि थोड्या थोड्या अंतरावर छत नसलेली चर्च. कोल्डप्लेच्या गाण्यात दिसलेल्या जागा शोधत पोरं फिरत होती. एक जोडपं प्री-वेडिंगसाठी आलेलं, नवरी शेरवाणीवाल्याला सांगत होती की पोट आत घे.

जेझुइटांच्या चर्चसमोर आम्ही बराच वेळ थांबलो. त्याला आता गोन्सालो गार्सियांच्या नावानं ओळखतात. दारावर खाचा पाडलेले उंच खांब, दगड अजून इतका धारदार की हात लावावासा वाटतो. अशा चर्चना लोक सरसकट ‘बरोक’ म्हणून टाकतात. खरा बरोक बघायचा तर जुन्या गोव्यात बॉम जेझूला जावं. तिथली वेदी म्हणजे नुसतं सोनं, पिळलेले खांब, ढगांतून बाहेर पडणारी किरणं. माणसानं मान वर करून गप्प व्हावं, यासाठी केलेली सजावट. वसईत सोनं गेलं, लाकूड गेलं, छत गेलं. उरलेला सांगाडा बरोकच्या आधीच्या, संयमी शैलीचा आहे. मला तर सांगाडाच आवडला. सजावटीसमोर माणूस लहान होतो. इथे नुसतं आभाळ होतं आणि घार होती.

गोन्सालो इथलाच, वसईत जन्मलेला. जपानला गेला, मग मनिलाला जाऊन स्पॅनिश फ्रान्सिस्कनांमध्ये सामील झाला, आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संत झाला. वसईच्या पोराचं स्पेनशी नातं यायला कारणही तसंच होतं. १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, म्हणजे वसईचा राजाही तोच.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चची फरशी म्हणजे कबरींचे दगड. पोर्तुगीज अक्षरं कोरलेली, पावलांनी झिजलेली. वसईकर त्यांच्यावर पाय न देता कडेकडेनं चालत होता. मग मीही तसाच चाललो. पुढे सेंट जोसेफचा मनोरा आहे. त्याच्याखाली उभं राहून वर पाहिलं. रिकामी कमान, तिच्यात कबुतरं.

‘इथली असेल का?’ मी विचारलं.

‘असेल,’ तो म्हणाला. ‘किंवा नसेल. चर्च किती होती बघतोयस ना.’

म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. थेऊरला त्यानं मला परीक्षेत पकडलं नव्हतं. माझ्याकडून त्याला खरंच काही कळेल, असं वाटलं होतं त्याला.

आता इथे घाईघाईनं शरमून जाणं सोपं आहे, आणि ते मला पटत नाही. पोर्तुगीजांना वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाकडून मिळाली. पुढच्या काळात त्यांनी धर्माच्या नावानं काय केलं, ते गोव्यात कुणालाही विचारा. साष्टी-बारदेशात देवळांमागून देवळं पाडली. मंगेशी काय, शांतादुर्गा काय, लोकांना आपले देव उचलून नदीपलीकडे न्यावे लागले. इन्क्विझिशन १५६० पासून अडीचशे वर्षं चाललं. चिमाजी अप्पा कुणा गरीब पाद्र्याची घंटा चोरायला गेले नव्हते. ती खरोखरच जुलमाविरुद्धची लढाई होती, आणि ती जिंकायला मराठ्यांनी फार माणसं घालवली. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला मानानं जाऊ दिलं. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल, असं शरणागतीच्या अटींत होतं. त्या काळी जगात कुठे काय चाललं होतं हे पाहिलं, तर हे थोडंथोडकं नाही.

पण याच अटीत माझा पाय अडकतो. ‘जे मागे राहतील.’ पोर्तुगीज जहाजात बसून गेले. घंटेचा आवाज ऐकून ज्यांचा दिवस उगवायचा ते गेले नाहीत. ते तिथेच राहिले, केळी लावत राहिले, मासे धरत राहिले. त्यांच्याच पणज्यांची देवळं कधीकाळी पाडली गेली असतील, त्यांनाच बाप्तिस्मा दिला गेला असेल, आणि मग दोनशे वर्षांत ती घंटा त्यांची झाली असेल. ती आपण ‘पोर्तुगीजांची’ म्हणून काढून आणली. जुलमी माणसाची वस्तू आणि जुलूम सोसलेल्यांची वस्तू एकच असू शकते, हे विजयाच्या गोष्टीत बसत नाही. आणि ही माणसं कुणी परकी नव्हेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच वसईचे.

मग घंटा परत द्यायची का? तुमच्यातले काही जण वैतागून वाचत असतील ते यासाठीच, माहितीय मला. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांच्या करारावर साताऱ्याला आली, तेव्हा मी मित्रांबरोबर रांगेत होतो. ‘आमचं आहे ते उसनं कसलं देता?’ असं आम्ही मोठमोठ्यानं बोलत होतो. तोच न्याय लावला तर थेऊरला माझं तोंड बंद व्हायला हवं. ‘ते लुटारू, आम्ही विजेते’ एवढ्यानं भागत नाही. प्रत्येक लुटारूच्या घरी त्याची विजयाचीच गोष्ट सांगतात.

आजीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘देवाची व्हती, देवाकडं आली. तुझं काय गेलं?’ हे उत्तर ऐकून मी आधी विरघळलो. किती मोठं मन! वसईकरला सांगितलं तर तो म्हणाला, ‘आजीनं म्हटलं तर ठीक आहे. पण मी म्हटलं असतं तर जास्त बरं झालं असतं.’ त्यानंतर हे वाक्य मला पूर्वीसारखं वापरता येईना. देव एकच आहे, हे खरंच. पण ज्याच्याकडे घंटा आहे त्यानं ते सांगणं स्वस्त पडतं.

परत देण्याचा विचार करताना मला स्पेनमधली एक हकीकत सापडली. मी स्पेनला गेलेलो नाही, फोनवरच फिरलोय. सान्तियागो दे कोम्पोस्तेलाचं कॅथीड्रल म्हणजे तिकडची पंढरी. महिना महिना चालत लोक तिथे येतात. दर्शनी भाग ऐन बरोक, १७३८ मध्ये सुरू झाला आणि १७५० मध्ये पुरा झाला. म्हणजे आपण वसईत घंटा उतरवत होतो तेव्हा तिकडे मनोरे चढत होते. स्पेनच्या एक, दोन आणि पाच सेंटच्या नाण्यांवर हेच कॅथीड्रल आहे. आधीचं चर्च ९९७ मध्ये कोर्दोबाच्या अल-मन्सूरनं लुटलं. संताच्या कबरीला त्यानं हात लावला नाही, पण घंटा काढल्या आणि ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला नेल्या. तिथल्या मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये राजा तिसऱ्या फर्नांदोनं कोर्दोबा जिंकलं, घंटा सोडवल्या आणि सान्तियागोला परत पाठवल्या. कशा? मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून.

जुन्या बखरींसारखीच ही गोष्ट, थोडं मीठमसाला असेलही. पण मला तिच्यात सगळ्यात जास्त त्रास देतो तो दुसरा प्रवास. वस्तू जागेवर आली. हिशोब बरोबर झाला. आणि तरी काहीही सुटलं नाही, फक्त खांदे बदलले. दोन्ही प्रवासांत घंटा वाहणाऱ्या माणसांना तिच्याशी काही देणंघेणं नसेल, पाठ मात्र त्यांचीच सोलली असेल.

हे वाचताना मला आमची काहील आठवली. घंटेपुढे काहील म्हणजे फार घरगुती झालं, पण मला वाटण्या कळतात त्या तिच्यामुळे. आजोबांचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणावर रसाची मोठी लोखंडी काहील, जिच्यात आजोबांनी आयुष्यभर रस आटवला. वाटणीत ती थोरल्या चुलत्यांकडे गेली. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं, ती आजोबांनी त्यांना तोंडी देऊ केली होती. पुढे चुलत्यांचं गुऱ्हाळ बंद पडलं आणि काहिलीत म्हशींसाठी पाणी भरायला लागले. आण्णा त्या बोळानं जायचे बंद झाले. मग एकदा भावकीच्या लग्नात, चार माणसांसमोर, चुलते म्हणाले, ‘न्या तुमची काहील. म्हशी काय, बादलीतबी पित्यात.’ आण्णा जेवण अर्धं टाकून उठले. काहील अजून तिथेच आहे.

आण्णांना काहील नको होती. आमचंही आता गुऱ्हाळ नाही, ती ठेवणार कुठे? त्यांना हवं होतं ते एवढंच, की चुलत्यांनी एकदा म्हणावं, ‘ही बाबानं तुला देऊ केली होती, मी घेतली.’ ते वाक्य देण्यापेक्षा चुलते लोखंड द्यायला तयार होते.

वसईकर काही घंटा मागत नाही. कुणाला परत द्यायची हेही धड सांगता येत नाही. ते शहरच उरलं नाही. थेऊरची घंटा उतरवून वसईच्या किल्ल्यात नेली तर ती तिथे छताशिवाय टांगून ठेवणार, आणि खाली प्री-वेडिंग चालणार. शिवाय पावणेतीनशे वर्षांत तिला दुसरे कानही मिळालेत. माझ्या आजीचे कान त्यात आहेत, त्यांचा काहीच हक्क नाही असं मी म्हणणार नाही. अल-मन्सूरनं घंटांना मुकं करून दिवे केलं, तसं आपण केलं नाही. आपली घंटा वाजते. पण घेणेकरी सापडत नाही म्हणून देणं फिटलं, असं आमच्याकडे सोसायटीच्या कर्जातसुद्धा कुणी मानत नाही. मला एवढंच जमेल असं वाटतं, की ‘आम्ही जिंकून आणली’ हे वाक्य अर्धं आहे हे लक्षात ठेवायचं. ज्यांच्याकडून आणली ते अजून आहेत आणि त्यांना माहीत नाही की त्यांची कुठली घंटा कुठे वाजते. थेऊरला येणाऱ्या शाळेच्या सहलींना हे उरलेलं अर्धं सांगितलं, तर चिमाजी अप्पांचं काही कमी होणार नाही. वसईच्याच नावानं ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह करून काय काय गमावलं, तेही आपण शिकतोच की.

गेल्या संकष्टीला मी थेऊरला गेलो होतो. गर्दी बरीच होती. प्रत्येक जण येताना एक टोला देत होता, मग मध्ये थोडा वेळ शांत, मग पुढचा. मी कडेला उभं राहून मिनिटभराचं रेकॉर्डिंग केलं आणि वसईकरला पाठवलं, काही न लिहिता. तो तेव्हा गावी होता. रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला. जेवताना त्यानं ते स्पीकरवर लावलं होतं. आई आत भांडी घासत होती, ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘कोण गेलं रे?’

मला आधी कळलं नाही. मग त्यानंच सांगितलं. त्यांच्याकडे एक टोला, थांबायचं, परत एक टोला, अशी घंटा वाजली की गावात कुणीतरी वारलं. आपण देवाला ‘मी आलो’ म्हणून वाजवतो ती नेमकी तशीच वाजते.

‘मग तू काय सांगितलंस?’ मी विचारलं.

‘थेऊरची आहे म्हटलं. आपली आहे म्हणतात. तिनं पुन्हा लावायला सांगितलं.’